पहिली जागा

१९१७ या एकाच सालात मराठी मुलखात भक्तीच्या दोन निराळ्या घरांचा पाया घातला गेला. आळंदीला विष्णु नरसिंह जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिच्या आरंभीच्या मंडळींत बंकटस्वामी होते, ज्यांचे नाव आजही आमच्या नेकनूरच्या नावाला जोडूनच घेतले जाते. आणि त्याच साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्या दरबारात जागा होती. येशूचे शिष्यत्व पुरे, मंडळीच्या वहीत नाव असलेच पाहिजे असे नाही, ही टिळकांची भूमिका. नेकनूरसारख्या गावात राहून ख्रिस्ती भक्तीचा विचार करू लागले की हाताशी कसोटी येते ती वारीची. टिळकांचेही काही निराळे नव्हते. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते उघडपणे सांगत.

‘देवाला जीवनात पहिले स्थान द्या’ हे वाक्य अलीकडच्या ख्रिस्ती प्रवचनांत आणि पुस्तिकांत वारंवार भेटते. आशय खोटा नाही, पण मांडणी मला खटकते. आधी देव, मग कुटुंब, मग नोकरी, मग समाज, अशी उतरंड रचली की देव इतर गोष्टींच्याच जातीचा होतो. फक्त सर्वांत वरचे मडके. शुभवर्तमानात अशी उतरंड सापडत नाही. मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी येशू येतो. एक स्वयंपाकात गुंतते, दुसरी त्याच्या पायाशी ऐकत बसते, आणि मार्थेची तक्रार येशू मान्य करीत नाही. ही कथा सांगताना स्वयंपाकाला कमी लेखण्याची रीत पडली आहे, ती मला पटत नाही. त्या दिवशी तिथे जेवण झालेच असणार. येशूने बोट ठेवले ते मार्थेच्या कामावर नव्हे, तिच्या जिवाच्या ओढाताणीवर.

धर्म आणि देवाशी नाते या दोहोंतले अंतर मराठी माणसांत ज्यांनी सर्वांत प्रामाणिकपणे नोंदवले त्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सारे काही रीतसर झाले होते. तरी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. बाप्तिस्म्यासाठी स्वजनांचा एवढा रोष पत्करलेल्या बाईने हे लिहावे, याला धैर्य लागते. आणि त्यानंतरचे आयुष्य पाहा. नाते जडले म्हणून त्या एकांतात गेल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी मुली आणल्या, केडगावला ‘मुक्ती’ उभे राहिले, शेकडो बायकामुलींच्या भाकरीची व्यवस्था लावता लावता त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अखंड बायबल मराठीत आणले. ते काम त्यांनी १९२२ साली, मृत्यूच्या तोंडावर हातावेगळे केले. मार्था कुठे संपते आणि मरीया कुठे सुरू होते, हे रमाबाईंच्या बाबतीत मला सांगता येणार नाही.

टिळकांचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही, आणि मला ते जास्त जवळचे वाटते. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला मागे ठेवून. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी ताटातुटीत काढली. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत हसत वाचतो, कारण बाई लिहितातच तसे. पण हसू ओसरल्यावर उरते ते हे, की एका माणसाने देवाला पहिली जागा दिली आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाने चुकवली.

माझे वडील वारकरी होते. पालखीच्या वाटेवर ते निघत ते नेमके पेरणीच्या तोंडावर. मृगाचा पाऊस झालेला असो वा नसो, वारी चुकली नाही. मागे चाड्यावर मूठ धरायला आई. औतकऱ्याला बोलावणे, बियाणे राखणे, उगवण विरळ झाली तर मोड सांधणे, सगळे तिच्याकडे. ते परतल्यावर ती त्यांच्या पाया पडे, आणि ते प्रसाद प्रथम तिच्या हातावर ठेवत. त्या दोघांत पंढरीला कोण जाऊन आले, हा प्रश्न मला मोठेपणी पडला. वडिलांची भक्ती मी खोटी मानत नाही. तिच्यातला आनंद मी पाहिला आहे. पण आईच्या वाट्याच्या पेरणीला वारीत धरले जात नव्हते, याची बोच अजून जात नाही.

म्हणूनच येशूचे ते कठोर बोल, आईबाप आणि बायकामुले यांच्याहून मला अधिक माना हे, मी चटकन गिळू शकत नाही. ते ज्याने त्याने स्वतःला लावायचे बोल आहेत. बायकोला लावले की जुलूम होतो.

लक्ष्मीबाईंचे पुढे काय झाले ते इथे महत्त्वाचे. त्या नवऱ्यामागे फरफटत ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईच्या मनाने जातिभेद माणसानेच केला आहे, देवाने नव्हे, असा निवाडा स्वतःच स्वतःशी दिला, कोणाच्याही हातचे खायचे ठरवले, आणि १९०० साली त्यांनी आपल्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांची वाट ग्रंथातून आणि कवितेतून गेली, हिची पाण्याच्या भांड्यावरून. देवाची जवळीक दोघांना सारखीच लाभली असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. इतकेच म्हणतो, की तिची जवळीक उसनी नव्हती.

साताऱ्याचा दरबार फार दिवस टिळकांच्या हाती राहिला नाही. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य, ‘ख्रिस्तायन’, त्यांनी हाती घेतले होते. जेमतेम अकराव्या अध्यायापर्यंत ते पोचले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते कागद पुढे ओढले आणि त्यावर साठाहून अधिक अध्याय लिहिले.