बोईसरला एक फ्रेम

'वीकएण्डला बोईसरला चाललेय' असं ऑफिसात सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, 'साइट व्हिजिट?' दुसरा, 'कुणी नातेवाईक आहेत का?' केळवे म्हटलं की लोकांना बीच आठवतो, डहाणू म्हटलं की चिकू आणि बोईसर म्हटलं की एमआयडीसी. बस्स, संपला विषय! मी मात्र गेल्या काही वर्षांत जितक्या वेळा बोईसरला गेलेय, तितक्या वेळा लोणावळ्यालाही गेले नसेन. कारण आहे पूल. पोहायचा नव्हे हो, काठीने बॉल ढकलायचा!

मिनिक्लिपचा '८ बॉल पूल' हा गेम २०१० साली आला आणि पुढे मोबाइलवर इतका पसरला की तुमच्यापैकी निम्म्यांच्या बोटांना तो नक्की माहीत असणार. पहिलं टेबल लंडनचं, मग सिडनी, मॉस्को... प्रत्यक्षात आपण उभे असतो अंधेरी लोकलच्या दारात, कुणाची तरी पर्स बरगडीत खुपत असते. समोर खेळणारा कोण, कुठला, काही पत्ता नसतो. पण रोज त्याच वेळी तोच माणूस भेटायला लागला की त्याला यादीत अ‍ॅड करतो. माझ्या यादीत असे तिघं जमले. आधी एक, मग त्याच्या ओळखीने उरलेले दोघं. तिघंही पालघर-बोईसर पट्ट्यातले निघाले.

'नावं छापलीस तर खेळणं बंद,' अशी तिघांची तंबी आहे. म्हणून इथे ते सातपाटीकर, ऑपरेटर आणि दादा. सातपाटीकराच्या घरची बोट आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असली की हा पठ्ठ्या दिवसरात्र ऑनलाइन! ऑपरेटर मूळचा यवतमाळचा, तारापूर एमआयडीसीत केमिकल कंपनीत कामाला. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. तो रात्री साडेअकराला उगवला की समजायचं, सेकंड शिफ्ट चालू आहे. आणि दादा चिंचणीचे, पन्नाशीच्या पुढचे, धंद्याने डायमेकर. दागिन्यांची नक्षी पोलादाच्या ठशात उलटी कोरायची आणि मग सोनाराने त्यावर पत्रा ठोकून ती उठवायची, हे काम चिंचणी-तारापूरच्या घराघरांत चालतं. दादांचा कट शॉट का चुकत नाही, हे मला त्यांचं काम पाहिल्यावर समजलं.

कित्येक महिने आमचं बोलणं 'गुड गेम', 'नाइस शॉट', 'वन मोअर?' एवढंच. ते बदललं ११ जानेवारी २०२० रोजी. शनिवार होता. संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात स्फोट झाला. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला, माणसं गेली. मी मुंबईत टीव्हीसमोर. कंपनीचं नाव स्क्रीनवर येत होतं, पण ऑपरेटर नेमका कुठल्या कंपनीत आहे ते मी कधी विचारलंच नव्हतं! त्याचा नंबर नाही, खरं नाव नाही. होता फक्त गेममधल्या यादीतला त्याच्या नावापुढचा ठिपका, आणि तो ऑफलाइन. सातपाटीकर ऑनलाइन आला, दादा आले. कुणीच मॅच लावत नव्हतं. मी पहिल्यांदाच मराठीत टाइप केलं, 'ठीक आहेस ना? वाट बघतेय.'

पावणेबाराला ठिपका हिरवा झाला. 'मी ठीक. आमची कंपनी लांब आहे, पण काचा हादरल्या.' आणि लगेच पुढची ओळ, 'थांब, बघतेय? तू बाई होय का बापा?'

इंग्रजीत इतके महिने खपून गेलेलं मराठी क्रियापदाने एका झटक्यात उघडं पाडलं! त्या रात्री चौघांनी नंबर दिले-घेतले. महिनाभरात, फेब्रुवारीत, मी पहिल्यांदा गेले.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली, त्यामुळे आता चर्चगेटहून थेट जाता येतं. (गाड्या मोजक्याच. वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडा, नाहीतर विरारच्या फलाटावर चिंतन करत बसावं लागेल.) विरार सोडलं की गर्दीचा सूरच बदलतो. वैतरणा खाडीचं पाणी, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. हे २०१४ च्या १ ऑगस्टपासून जिल्ह्याचं गाव. कोळगावला मुख्यालयाची टोलेजंग इमारत झाली, तरी स्टेशनबाहेरचा बाजार अजून तालुक्याच्या गावाचाच आहे, आणि मला तोच आवडतो. सातपाटीकर तिथेच घ्यायला आला होता. आधी घरी नेलं. त्याच्या आईने तळलेलं पापलेट वाढलं आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, 'तूच का ती, रात्री एक-एक वाजेपर्यंत जागवणारी?' सिल्व्हर पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला. सातपाटीच्या त्या ताटाने मला ते तीन वर्षं आधीच पटवलं होतं.

पालघरहून मधलं उमरोळी सोडलं की बोईसर. इथे उतरल्यावर दोन गोष्टी जाणवतात. एक, हवेतला वास. इथले लोक म्हणतात, सवय होते. पण सवय होणं काही बरं नव्हे. दुसरं म्हणजे भाषा. शेअर रिक्षात बसा, भोजपुरी, ओडिया, गुजराती, मल्याळम, वऱ्हाडी सगळं ऐकू येईल. तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी वाढली आणि कुठकुठची माणसं इथे येऊन राहिली. कॉट बेसिसवर राहणारा, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस मित्र जोडणार कधी आणि कुठे? शेजारच्या कॉटवरचाही शिफ्टमुळे भेटत नाही. ऑपरेटर म्हणाला, 'दोन वर्षं मी इथे फक्त सुपरवायझरशी बोललो.'

पूल पार्लर स्टेशनच्या पश्चिमेला, मोबाइलच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. तीन टेबलं, एक कुलर, भिंतीवर 'उधार बंद'. मी आत शिरले तशी तिन्ही टेबलं थांबली. तिथे बाई येत नाही, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दादांनी रुमालाने खुर्ची पुसली, क्यूला चॉक लावून माझ्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाले, 'ब्रेक तुझा.' झालं, टेबलं पुन्हा चालू!

आता खरी गंमत. गेममध्ये बॉल कुठे जाणार हे दाखवणारी पांढरी रेघ असते. खऱ्या टेबलावर ती नसते हो! फोनवर मी तिघांनाही पाणी पाजायचे. इथे मी सरळ समोरचा बॉलही घालवला. त्यात समुद्राजवळची दमट हवा. टेबलावरची बनात दमट झाली की बॉल जड चालतो, पावसाळ्यात तर रांगतोच. फोनवरचं टेबल बारा महिने कोरडं! दादा म्हणतात, 'ह्या टेबलावर जिंकलास तर कुठेही जिंकशील.' खेळ साहेबांचा असला तरी आपल्यालाही त्याचा वारसा आहे बरं का. स्नूकर जन्मला १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत. आणि १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद जिंकून देणारा विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला.

बोईसरच्या पार्लरचा कायदा साधा : हरेल तो टेबलाचे पैसे भरणार. तासाच्या हिशोबाने मीटर चालू असतं. पण मी पाहिलं, महिनाअखेरीला ऑपरेटर सहसा हरत नाही. दादांचा हमखास पॉट नेमका तेव्हाच पॉकेटच्या ओठावर अडकतो. यावर कुणी काही बोलत नाही. मीही बोलले नाही, आता इथे लिहितेय तेवढंच.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, पार्लर बंद. फोनवरचं लंडन मात्र चालू होतं. ऑपरेटरचे कॉटवाले गावी निघून गेले, तो एकटा उरला. त्या दिवसांत आम्ही रात्री अकराला मॅच लावायचो. कोण जिंकतंय याला महत्त्व नव्हतं, तो आलाय ना, एवढंच बघायचं.

तुम्ही गेलात तर खेळ झाल्यावर तारापूर-चिंचणीकडे नक्की जा. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतला. चिंचणीचा किनारा लांबलचक, सुरूची झाडं, आणि केळव्यापेक्षा गर्दी बरीच कमी. तिथेच गेल्या खेपेला ऑपरेटरने सांगितलं की त्याला गुजरातेत दहेजला नोकरी लागलीय. पगार जास्त, कंपनी मोठी, बायकोला आणता येईल अशी क्वार्टर. सातपाटीकर वाळूत रेघा ओढत बसला. 'चांगलंच झालं की,' असं तीनदा म्हणाला.

दादा काही बोलले नाहीत. परतताना रिक्षात त्यांनी भरूचच्या एका ओळखीच्या सोनाराला फोन लावला आणि दहेजच्या आसपास पूलचं टेबल कुठे आहे, तासाचा रेट काय, आणि तिथेही हरणाराच पैसे भरतो का, हे नीट विचारून घेतलं.