विमान सेवानिवृत्त होतं तेव्हा

बहुतेक घरांत माळ्यावर पितळी भांडी आणि पाहुण्यांच्या गाद्या असतात. आमच्या माळ्यावर विमानं आहेत! रेडिओलहरींवर चालणारी, खरोखर उडणारी छोटी विमानं. कॉलेजात असताना हे एन.सी.सी.च्या हवाई विभागात होते. तिथे जो छंद जडला तो कायमचा. लग्नानंतर वर्षभरात ह्यांनी बाल्साच्या हलक्या लाकडाचं एक पिवळं विमान बांधलं. त्याच्या पंखांवरचं आवरण मी छोट्या इस्त्रीने चिकटवलं होतं. तेव्हा निम्मी मालकी माझीच म्हणायची!

या विमानाला यंदा चौदा वर्षं झाली. लेकीने त्यावरच उडवायला शिकायचा हट्ट धरला आणि घरात प्रश्न उभा राहिला. हे विमान आता उडवायचं की थांबवायचं? हे म्हणाले, "अजून मस्त उडतंय की!" मैत्रिणींनो, जुनी स्कूटर असो की जुना मिक्सर, हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेलच.

पण विमानाचं दुखणं वरून दिसत नाही. त्याच्या इंधनात मेथॅनॉल असतं आणि वंगणासाठी एरंडेल किंवा तसलंच तेल. न जळलेलं तेल धुराबरोबर बाहेर पडतं आणि वर्षानुवर्षं लाकडात मुरत जातं. तेल प्यालेलं लाकूड मऊ पडतं, जुने सांधे सुटू लागतात आणि नवा गोंदही धरत नाही.

मी म्हटलं, "तुम्ही वर्षं मोजू नका, सांधे तपासा." एका रविवारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. आधी बॅटरी काढली. शेपटीच्या बिजागऱ्या ओढून पाहिल्या, त्या घट्ट होत्या. इंजिन हाताने हलवलं, तर ते ज्या फळीवर बसवलेलं असतं ती फळीच किंचित हलली. पंख दोन्ही टोकांना धरून हलकेच पिळला, तर मधोमध 'कर्र' असा आवाज आला. बॅटरी बदलता येते, शेपूट हलवणारी छोटी मोटरही बदलता येते. पण तेलकट लाकूड कापायचं तर नाकापासून पंखापर्यंत कापावं लागणार होतं. मग ते विमान तेच कसं राहणार?

तरी ह्यांचा जीव तुटत होता. "एकदाच, शेवटचं उडवतो," म्हणाले. मी वजन आणि वेग विचारला. वजन अडीच किलो, वेग ताशी सत्तर किलोमीटर. ह्यांनीच कागदावर हिशेब मांडला. त्या वेगाने आदळलेलं विमान म्हणजे सहाव्या मजल्यावरून टाकलेला अडीच किलोचा वरवंटा! लेक शेजारीच उभी होती. तिने सहज विचारलं, "बाबा, मग मी कुठे उभी राहू?"

ह्यांनी काही न बोलता पेचकस मागितला.

इंधनाची टाकी रिकामी केली. इंजिन पुसून, तेल घालून पुढच्या विमानासाठी ठेवलं. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत आता ते पिवळं विमान वर्गात टांगलेलं आहे. शेपटीची पट्टी हलवून विज्ञानाच्या बाई विमान वळतं कसं ते मुलांना दाखवतात. लेक बॅटरीवर चालणाऱ्या फोमच्या विमानावर शिकते आहे. त्याचाही एक नियम आहे : लिथियमची बॅटरी फुगलेली दिसली की ती त्याच दिवशी बाद. मोबाइलच्या बॅटरीलाही हेच लागू, बरं का!

गॅसच्या रबरी नळीवर मुदत छापलेली असते, म्हणून ती आपण मुकाट्याने बदलतो. ज्या वस्तूंवर घरच्यांचा जीव जडलेला असतो, त्यांच्यावर मात्र कुणी तारीख छापत नाही. ती आपणच ठरवायची, आणि तीही वस्तू धडधाकट दिसत असतानाच. चौदा वर्षांत आमचं विमान एकदाही कुणाच्या अंगावर गेलं नाही. त्याचा हा लौकिक शेवटच्या एका उड्डाणासाठी का घालवायचा?