खारा वारा आणि कापडाची सावली

माडाखाली बिनधास्त बसतो तो पाहुणा. कोकणातला माणूस आधी वर बघतो, नारळ किती तयार झालेत त्याचा अंदाज घेतो आणि दोन पावलं बाजूला सरकतो. सुरूच्या बनात ती धास्ती नाही, पण सुरूची सावली म्हणजे चाळणीतून गळलेलं ऊन. उंडीखाली मात्र गर्द गारवा असतो. तिथे गावातल्या होड्या आधीच विसावलेल्या असतात, आणि किनाऱ्यावर त्यांचा हक्क आपल्याहून जुना. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या वाट्याला उघडं ऊन उरतं. आमच्या गाडीच्या टपावर ऑनिंग बसली ती यातूनच.

वस्तू तशी साधी. टपावरच्या आडव्या दांड्यांना डाव्या अंगाला जखडलेली एक लांबुडकी पिशवी. डाव्या अंगाला, कारण आपल्याकडे रस्ता उजवीकडे असतो आणि माणसानं उतरायचं ते गाडीच्या आडोशाला. चेन ओढली की गुंडाळी सुटते. दोघांनी दोन टोकं धरून मागे मागे जायचं, कापडाच्या पोटातून अॅल्युमिनियमचे पाय खाली सोडायचे, हवे तितके लांबवून पिळून घट्ट करायचे. आमचं कापड दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर बाहेर येणारं. वटवाघळाच्या पंखासारख्या, गाडीच्या पाठीमागेही वळून येणाऱ्या मोठ्या ऑनिंगही मिळतात. पण त्यांचं ओझं टपाला आणि खिशाला दोघांनाही जाणवतं. चार माणसं, एक चटई आणि डब्यांची पिशवी सावलीत मावली, की माझी हाव संपते.

खरी गंमत गाडी लावण्यात आहे. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन डोंगराकडून येतं, तेव्हा गाडीचं तोंड उत्तरेला ठेवायचं. ऑनिंग समुद्राच्या बाजूला उघडते, पाठीमागे गाडीची भिंत, पुढ्यात लाटा. ऑनिंगच्या जाहिरातींत असतो तो देखावा हाच. बारानंतर सूर्य डोक्यावरून समुद्राकडे कलतो आणि ऊन समोरून, कापडाच्या खालून थेट मांडीवर येऊन बसतं. आता सावली हवी तर गाडी फिरवून तोंड दक्षिणेला करायचं, म्हणजे ऑनिंग गावाच्या बाजूला येते. समुद्र गाडीच्या पलीकडे राहतो, नुसता ऐकू येतो.

पहिल्यांदा हे फार खटकतं. एवढा घाट उतरून आलो ते काय समुद्राकडे पाठ करून बसायला? पण मला हळूहळू ही दुपारची बाजूच जास्त आवडायला लागली. तोंडवळीसारख्या ठिकाणी मागे सुरूचं दाट बन आहे. त्याच्या कडेनं जाणारी पायवाट, वाटेवरून जाणारी माणसं, कुंपणावर वाळत घातलेलं जाळं, त्यात अडकलेला कोंबडीचा पाय सोडवणारी बाई... समुद्राकडे तोंड करून बसलेल्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्यापुढे क्षितिज असतं, आणि क्षितिजाकडे किती वेळ बघणार?

मालवणकडे मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो. हाच शून्य सावलीचा दिवस उत्तरेकडे सरकत मुंबईला मेच्या मध्यावर पोचतो. त्या क्षणी ऑनिंगच्या उभ्या पायांची सावली नाहीशी होते आणि कापडाची सावली कापडाच्या नेमकी खाली, काटेकोर चौकोन धरून बसते. एरवी हा चौकोन सारखा सरकत असतो आणि त्याच्यामागे चटई सरकत असते. पाचनंतर तर ऑनिंग नसली तरी चालतं. गाडीचीच सावली लांब पसरलेली असते.

ऊन निदान ठरल्या वाटेनं जातं. वाऱ्याचं तसं नाही. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे अंगावर येतात. जमीन तापली की सकाळ सरता सरता समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. कापड आधी फुगतं, मग फडफडतं, मग पायांना वाळूतून उचलायला बघतं. तणाव्यांच्या खुंट्या सुक्या वाळूत धरत नाहीत. एकदा रापणीचं जाळं ओढून झाल्यावर ओढणाऱ्यांतले एक आजोबा आमची ती खुंट्यांची मारामारी बघत उभे राहिले. आधी विचारलं, “काय वो, लगीन हा काय कोणाचा?” मग म्हणाले, “रेंवेत खुटी ऱ्हवाची नाय. पिशयेत रेंव भरा नि पुरून टाका.”

हातभर खड्डा, त्यात वाळू भरून तोंड आवळलेली कापडी पिशवी, तिला तणावा, वरून पुन्हा वाळू दाबलेली. खुंटीला धरून ठेवतं ते तिच्या अंगाभोवतीचं घर्षण, आणि सुकी वाळू ते देत नाही. पुरलेल्या पिशवीला मात्र वरच्या सगळ्या वाळूचं वजन मिळतं. आजोबांनी दोर ताणून पाहिला, मान हलवली आणि भरतीची वेळही सांगून गेले. तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गाडी कुठे लावायची याचं उत्तर त्यातच होतं.

गाडी वाळूवर घालूच नये, हे माझं मत. सुट्ट्यांत भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात, लोक हसतात. चाकांच्या चाकोऱ्यांवर मात्र हसू येत नाही. वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तेव्हापासून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे निघालेली अनेकांनी पाहिली आहेत. तळहाताहून लहान जीव तो. त्याच्यासाठी टायरची चाकोरी म्हणजे दरी. ऑनिंग बनाच्या कडेच्या घट्ट जमिनीवरही तितकीच छान उघडते.

आणि तिचं फार कौतुकही नको. पालखीच्या वाटेवर दिंडीच्या ट्रकला ताडपत्री बांधून तिच्याखाली भाकरी खाणारे वारकरी हे कधीपासून करत आले आहेत. ऊसतोडीच्या फडावर बैलगाडीच्या साटीखाली झोळी असते आणि तिच्यात तान्हं निजलेलं असतं. त्यांच्या सावलीमागे गरज होती. आपण हौसेनं तिला चेन आणि अॅल्युमिनियमचे पाय लावले, एवढंच.

हौसेचं मोल परतल्यावर चुकवावं लागतं. अवकाळीची सर आली तर बाहेरचा एक कोपरा खाली करून पाण्याला वाट द्यावी लागते, नाहीतर कापडात डबकं साचतं. ओलं कापड गुंडाळून ठेवलं की आठवड्यात बुरशीचे ठिपके. म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्यानं खार धुवायचा, चेनीवर मेणबत्ती घासायची आणि ऑनिंग उघडी टाकून वाळवायची. आमच्या सोसायटीच्या आवारात हा सोहळा चालतो. मेमध्ये गच्ची वाळवणांनी भरलेली असते, कुरडया आणि सांडग्यांना कडक ऊन लागतं. परवा तळमजल्यावरच्या काकू ऑनिंगखाली येऊन उभ्या राहिल्या, हात वर करून कापड चाचपलं आणि म्हणाल्या, “रविवारी कुठे जाणार नसाल तर ही अशीच राहू द्या. उडदाचे पापड लाटायचेत, त्यांना सावलीच हवी.”