परसदारचे रूळ

ज्या गांवच्या स्टेशनाच्या नांवाला 'रोड' हें शेंपूट जोडलेलें असतें, त्या गांवच्या माणसाच्या मनांत गांव आणि स्टेशन या दोन वस्तु कायमच्या वेगळ्या राहतात. मी नाशिकचा. आमचें स्टेशन नाशिक रोड, म्हणजे गांवापासून सुमारें 9 किलोमीटर दूर. एके काळीं या दोहोंमध्यें घोड्यांची ट्राम चालत असे असें वडील सांगत. माझ्या वांट्याला आले ते टांगे आणि मागाहून बस. मुंबईची गाडी पहांटेची असली कीं आदल्या रात्रीं टांगेवाल्याला बजावून ठेवावें लागे, आणि तो दारांत येऊन उभा राहीपर्यंत आईच्या जिवांत जीव नसे. इतका त्रास सोसूनहि स्टेशन तेथें कां आणि गांवांत कां नाहीं, असा प्रश्न आमच्यापैकीं कोणीं केल्याचें मला स्मरत नाहीं. गंगा जेथून वाहते तेथून वाहते, पांडवलेणीं जेथें आहेत तेथें आहेत, आणि स्टेशन जेथें आहे तेथें आहे. त्यांत माणसानें विचारावयाचें तें काय?

म्हणून 2014 च्या उन्हाळ्यांत मी विलायतेंत मुलाकडे राहावयास गेलों असतां, "बाबा, आज संध्याकाळीं स्टेशन कोठें असावें तें सांगायला जायचंय, येतां का?" असें तो म्हणाला, तेव्हां मला त्या वाक्याचा अर्थच लागेना. मला वाटलें, हा थट्टा करतो आहे.

मुलाचें गांव पोर्टिसहेड. इंग्लंडच्या पश्चिम अंगाला, सेव्हर्न नदी समुद्राला मिळते तेथें, ब्रिस्टल शहरापासून आठ-नऊ मैलांवर तें वसलेलें आहे. पूर्वीं तेथें बंदर होतें आणि बंदराच्या कांठीं विजेचीं दोन मोठीं कारखानी घरें होतीं. तीं गेलीं, आणि त्यांच्या जागीं या शतकाच्या आरंभापासून घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. तरुण जोडपीं आलीं, मुलें झालीं, शाळा निघाल्या. गांव पाहतां पाहतां 20 हजारांच्या पुढें गेलें. परंतु या सगळ्या मंडळींच्या नोकऱ्या ब्रिस्टलमध्यें, आणि ब्रिस्टलला जाणारा मुख्य रस्ता एकच. सकाळीं त्या रस्त्यावर मोटारींची जी रांग लागे ती पाहून मला त्र्यंबकच्या यात्रेंतील बैलगाड्या आठवत; फरक इतकाच कीं बैलगाडींत बसलेलीं माणसें एकमेकांशीं बोलत तरी असत. मुलगा साडेसहाला घर सोडी. नातू तेव्हां सात वर्षांचा होता. बाप घरीं येई तेव्हां तो बहुधा झोंपलेला असे.

मौज अशी कीं रूळ त्यांच्या परसदारींच होते. बागेच्या लांकडी कुंपणापलीकडे कांटेरी झुडुपांच्या रानांत दोन गंजलेल्या पट्ट्या निजलेल्या दिसत. हा रेलरस्ता 1867 सालीं सुरू झाला. वीजघर वाढवावयाचें म्हणून 1954 सालीं गांवचें जुनें स्टेशन हलवून नवें बांधण्यांत आलें, आणि त्या नव्या स्टेशनाला पुरतीं अकरा वर्षें होण्याच्या आंतच, 1964 च्या सप्टेंबरांत, त्याला कुलूप लागलें. त्या आधींच्या वर्षीं डॉ. बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल बाहेर पडला होता. बीचिंगसाहेब मूळचे पदार्थविज्ञानाचे पंडित; रेल्वेचा तोटा मोजावयास त्यांना बसविलें, आणि त्यांनीं 2,363 स्टेशनें व सुमारें 5,000 मैलांचे रस्ते बंद करावे अशी शिफारस केली. हिशेब त्यांचा चुकला होता असें मी म्हणत नाहीं. पण हिशेबाला एक खोड असते. जो प्रवासी अजून जन्मला नाहीं त्याचें तिकीट तो धरीत नाहीं. पोर्टिसहेडचें तें बंद स्टेशन पुढें मोटारींना पेट्रोल देणारा पंप झालें. याहून बोलकें स्थित्यंतर कादंबरीकाराला सुचलें नसतें.

आणखी एक गंमत. ब्रिस्टलकडून येणारा हाच रस्ता अलीकडच्या पोर्टबरीच्या गोदीपर्यंत 2001 च्या अखेरीस मालगाड्यांसाठीं पुन्हां उघडण्यांत आला. त्या गोदींत परदेशांतून नव्या मोटारी उतरतात, आणि त्यांतील कांहीं आगगाडीनें आंत रवाना होतात. म्हणजे मोटारी आगगाडींत बसून आरामांत जाणार, आणि माणसें मोटारींत बसून रस्त्यावर खोळंबणार! उरलेला तुकडा अवघा तीन मैलांच्या आसपासचा. तेवढा जोडला कीं ब्रिस्टल 23 मिनिटांवर येईल असें कौन्सिलचें म्हणणें होतें.

हें कौन्सिल म्हणजे नॉर्थ सॉमरसेटचें. आपल्याकडील नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांचीं कामें एकत्र करणारी ही संस्था समजावी. स्टेशनाची कल्पना पुढें रेटणें, नकाशे काढविणें, लोकांचें मत घेणें, सरकारच्या दारीं पैशासाठीं हात पसरणें, हें सर्व तिनें करावयाचें. आपल्याकडे स्टेशन हें वरून येतें, पावसासारखें. तेथें तें खालून, विहिरीसारखें खणून काढावें लागतें, हें मला त्या संध्याकाळीं कळलें.

दिवाणखान्याएवढ्या एका सभागृहांत भिंतींवर नकाशे टांगले होते. भाषण नाहीं, हार-तुरे नाहींत, अध्यक्ष नाहींत. कौन्सिलचे तीन-चार नोकर गळ्यांत पट्ट्या अडकवून उभे होते आणि जो येईल त्याच्या शंकांना सारख्याच शांतपणें उत्तरें देत होते. स्टेशनासाठीं तीन जागा लोकांपुढें ठेवल्या होत्या. त्या तिन्हींचें मर्म एका रस्त्यांत होतें. कीज ॲव्हेन्यू नांवाचा हा रस्ता, गाड्या बंद असतांनाच्या काळांत, जुन्या रुळांना आडवा टाकण्यांत आला होता. रेल्वेवर देखरेख करणारें खातें तेथें नवें फाटक होऊं देईना. आणि त्यांचेंहि खरेंच होतें, कारण फाटकांवर माणसें मरतात. तेव्हां एक तर गाडीनें रस्त्याच्या अलीकडेच, बाजारपेठेपासून दूर थांबावें, नाहीं तर रस्त्यानें वांकडें होऊन गाडीला वाट द्यावी. स्टेशन गांवाकडे सरकवावयाचें तर रस्ता सरकवा! नाशिक रोडच्या फलाटावर ज्यानें आयुष्याचे कित्येक तास काढले आहेत, त्याला या एका वाक्याचा किती हेवा वाटला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्या कागदावर अभिप्राय लिहावयाचा होता. घरीं येऊन जेवणाच्या टेबलावर तो कागद मधोमध ठेवला आणि आमच्या घरांत दोन पक्ष पडले.

मुलाचें म्हणणें सरळ होतें. 2009 सालीं त्यानें हें घर घेतलें तेव्हां घरांच्या दलालानें सांगितलें होतें कीं गाडी आतां आलीच म्हणून समजा. त्या भरवशावर त्यानें ऐपतीपेक्षां थोडें जास्त कर्ज काढलें. त्याला गाडी हवी होती, आणि लवकर हवी होती. जागा कोणतीहि असो.

सूनबाई कांहीं वेळ बोललीच नाहीं. ती दादरची, तिचें बालपण रुळांना लागून असलेल्या चाळींत गेलेलें. तेथें लोकल गेली कीं फडताळांतील भांडीं थरथरत, आणि बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर थांबवून गाडी निघून गेल्यावर तेथूनच पुढें सुरू करी. "बाबा, मला आयुष्यांत पहिल्यांदा शांत झोंप या घरांत लागली," ती म्हणाली. कुंपणावरच्या ब्लॅकबेरी, पहांटे येणारा तांबड्या छातीचा चिमुकला रॉबिन, संध्याकाळीं दबकत जाणारा कोल्हा, हें तिचें सगळें वैभव त्या गंजलेल्या रुळांच्या आधारानें उभें होतें. मुलानें तिला तासाला एक गाडी, दोन गाड्या, असा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "संख्या मला सांगूं नका. मी त्या आवाजांत वाढलें आहें."

मी पंच. परंतु खरें सांगावयाचें तर त्या घरांत माझा निकाल देण्याचा अधिकार किती? तीन महिन्यांचा पाहुणा. मला दोघांचेंहि पटत होतें, आणि दोघांचेंहि पटणें ही पंचाची सर्वांत वाईट अवस्था होय. सूनबाईनें शेवटीं कागद ओढून घेतला आणि रस्ता वळवावा, स्टेशन गांवाकडे न्यावें, असें लिहिलें. स्वतःच्या झोंपेविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. खालीं मात्र तिनें एक ओळ वाढविली: शाळेजवळ मुलें रूळ ओलांडतात, तेथें पूल आधीं बांधा, गाडी मग आणा. (ट्रिनिटी शाळेजवळचा पूल पुढें त्या योजनेंत खरोखरच होता. तिच्या ओळीमुळें नव्हे अर्थात. तशा ओळी अनेकांनीं लिहिल्या असतील.)

शेजारीं पासष्टीच्या एक बाई एकट्या राहत. लहानपणीं शनिवारीं वडिलांचें बोट धरून त्या याच गाडीनें ब्रिस्टलला जात. त्यांना मीं विचारलें, आपण कोणती जागा लिहिली? त्या म्हणाल्या, "कोणतीहि. माझ्या हयातींत असली म्हणजे झालें."

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती जशी घडली तशी सांगूं लागलों तर वाचक पान उलटतील. रस्ता वळविण्याची सूचना कौन्सिलनें स्वीकारली. मग 2017 सालीं खर्चाचा नवा अंदाज निघाला. 5 कोटी 80 लाख पौंडांचें काम 14½ ते 17½ कोटींवर गेलें. तेव्हां अर्ध्या तासाच्या गाडीची तासाची गाडी झाली. 2019 सालीं लंडनच्या सरकारकडे परवानगीचा अर्ज गेला. रस्ता एव्हन नदीच्या खोल दरींतून जातो आणि त्या दरींत ब्रिस्टल व्हाइटबीम नांवाचें झाड आहे, जें जगांत दुसरें कोठेंहि आपोआप उगवत नाहीं. त्याची काळजी कशी घेणार, हेंहि अर्जांत दाखवावें लागलें. मला हें मनापासून आवडलें. पण निकालाची तारीख पुनःपुन्हां पुढें गेली, ती कांहीं सगळी झाडांसाठीं नव्हे. लोकांचें ऐकण्यांत वेळ गेला तर तो वेळ सत्कारणीं लागला असें मी समजतों. एका कचेरीनें दुसरीच्या पत्राची वाट पाहण्यांत गेलेल्या वेळाला मी तें नांव देणार नाहीं. आणि या दोन्ही वेळांचें बिल एकाच ठिकाणीं चढतें. परवानगी मिळाली ती 14 नोव्हेंबर 2022 रोजीं. 2024 सालीं बंद रेलरस्ते उघडण्याची सरकारी योजनाच गुंडाळली गेली आणि पुन्हां जीव टांगणीला लागला. अखेर 2025 च्या जुलैंत सरकारनें पोर्टिसहेडच्या पैशाला होकार दिला.

गाडी बंद करण्याला अहवालापासून कुलपापर्यंत दीड वर्ष लागलें. ती उघडण्याचा नुसता होकार मिळावयास साठ वर्षें लागलीं.

त्या जुलैंत मुलाचा फोन आला. "बाबा, झालं एकदाचं!" असें तो म्हणाला, पण त्याच्या आवाजांत मला वाटलें होतें तेवढा उल्हास नव्हता. महामारीच्या दिवसांपासून तो आठवड्यांतून तीनच दिवस ब्रिस्टलला जातो. नातू अठरा वर्षांचा झाला होता; दोन महिन्यांनीं तो विद्यापीठांत शिकावयास दूर जाणार होता. ज्या मुलाला झोंपण्यापूर्वीं बाप दिसावा म्हणून हा सगळा अट्टाहास, तो आतां बापाच्या नंतर झोंपत असे. शेजारच्या बाई 2021 सालीं वारल्या. त्यांच्या घरांत एक तरुण जोडपें आलें होतें, आणि त्यांना नुकतीच मुलगी झाली होती. "त्यांना उपयोग होईल," मुलगा म्हणाला.

मीं सूनबाईची चौकशी केली. ती स्वयंपाकघरांत होती. फोनमधून एकाएकीं जोरांत शिट्टी ऐकूं आली आणि मी दचकलों. लगेच मागून तिचा आवाज आला, "घाबरूं नका बाबा, कुकरची आहे. गाडीला अजून अवकाश आहे."