कुंची

आमच्या गोरखपुरात, जबलपूर शहराच्या या जुन्या वस्तीत, ‘छोटी लाइन फाटक’ हे शब्द अजूनही पत्त्यात लिहिले जातात. हाऊबाग स्थानकावरून सुटणारी ती अरुंद मापाची गाडी २०१५ साली बंद झाली. तिची शिटी घरात ऐकू येई, त्या दिवसांतली ही हकिगत आहे.

१९९१ साली, लग्नाला दोन वर्षे होत आली असताना, माझ्या मानेवर एक गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून काही दिवस दुर्लक्षच झाले. तपासणीअंती हॉजकिनचा आजार निघाला. लसिकाग्रंथींच्या या रोगाचे वर्णन १८३२ साली टॉमस हॉजकिन या इंग्रज वैद्याने केले होते. हा बरा होऊ शकणारा कर्करोग आहे, असे आम्हांला सांगण्यात आले आणि त्या एका वाक्याच्या आधारावर आम्ही सहा महिने काढले. शिरेत थेंब थेंब उतरणारे औषध, मळमळ, सकाळी उशीवर सापडणारे केस, आणि अखेर बरी झाल्याचा निर्वाळा. घरात पेढे वाटले गेले.

पाळी मात्र परतली नाही. अशक्तपणा असेल, म्हणून आम्ही वाट पाहिली. रात्री अंगातून उष्णतेच्या लाटा उसळत. सत्ताविसाव्या वर्षी मला सासूबाईंच्या वयाचे शरीर मिळाले होते. स्त्री आपली सारी बीजे जन्मतःच बरोबर घेऊन येते. ती संपली की संपली. त्या काळी या आजारावर दिली जाणारी काही औषधे मोहरी वायू या युद्धातल्या विषाच्या अभ्यासातून निघालेली. रोगट पेशी मारताना ती अंडाशयालाही सोडत नसत. हे मला कळले ते उपचार संपल्यावर, तपासणीच्या एका कागदावरून. आधी कोणी सांगितले नव्हते.

सांगून काय झाले असते, असे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती १९८६ साली. आपल्याकडे त्या विद्येची ती पहाट होती. गोठवून ठेवलेल्या अंडाशयाच्या तुकड्याचे पुनरारोपण करून जगातले पहिले मूल जन्मले ते तर २००४ साली. तेव्हा आम्हांला बहुधा काहीच करता आले नसते. पण निरोप तरी घेता आला असता.

मृत्यूला आपल्याकडे विधी आहेत. माणसे येतात, दहावा होतो, तेरावा होतो. जो आलाच नाही त्याचे सुतक कोणी धरायचे? शेजारणी विचारत, “बहू, खुशखबरी कब सुनाओगी?” मी हसत असे. ज्यांना ठाऊक होते ते म्हणत, जीव वाचला हेच पुष्कळ. ते खरेच होते, म्हणून त्यावर बोलणे खुंटे. ग्वारीघाटावर एका वृद्ध बाईंनी समजावले, की नर्मदा कुमारिका, तरी सारे जग तिला मैया म्हणते. मी मान डोलावली. घरी येईपर्यंत त्या सांत्वनाचा ओलावा उरला नव्हता.

१९९३ च्या दिवाळीआधी आम्ही माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. सासूबाईंच्या ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली, डाळिंबी खणाची एक कुंची होती. बारीक जरीची किनार, आतून जुन्या लुगड्याचे मऊ अस्तर. मी ती हातात घेतली तेव्हा त्या मटकन खाली बसल्या.

“तुझ्या लग्नाच्या वर्षीच शिवली मी,” त्या म्हणाल्या. “बाळ जन्माला येण्याआधी शिवू नये म्हणतात. मला धीर निघाला नाही गं.”

दोन वर्षे ही बाई मूग गिळून बसली होती, ती माझ्यावरच्या रागाने, असा माझा समज होता. त्या मात्र स्वतःलाच दोषी मानीत होत्या.

“आई, कुंचीमुळे नाही झालं. औषधांमुळे झालं.”

“तुझं एकटीचं नाही गेलं. माझंही गेलं.”

आम्ही दोघी त्या उघड्या ट्रंकेशेजारी बसून रडलो. संध्याकाळी माझे पती कचेरीतून आले. कुंची पाहून त्यांनी काही विचारले नाही. बूट न काढताच आमच्याजवळ येऊन बसले. जे घर दोन वर्षे माझे दुःख चुकवीत होते, ते त्या दिवशी त्याला समोरे बसले. त्याने दुःख संपले नाही. मात्र पुढे कोणाच्या बारशाला जायचे आणि कोणाच्या नाही, हे मी लपूनछपून न ठरवता घरात सांगू लागले.

सासूबाई आता नाहीत. अलीकडे नात्यातल्या एका मुलीला याच आजाराचे निदान झाले. आता औषधे बदलली आहेत, बीजे गोठवून ठेवण्याची सोय आहे. पहिल्या मात्रेआधी मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि तिला म्हटले, “मुलांचं काय, ते आधी विचार.” तिने विचारले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून अर्धा तास समजावून सांगितले. पुढचा निर्णय तिचा होता, आणि तो तिने घेतला.

कुंची मी कोणाला दिली नाही. दरवर्षी दिवाळीआधी तिला ऊन दाखवते आणि पुन्हा घडी करून ठेवते.