आठशे शब्द आणि अक्का

अहो, पद्म पुरस्कारासाठी आपण नाव सुचवू शकतो! आपण म्हणजे तुम्ही, मी, कोपऱ्यावरचा फूलवाला, कुणीही! एकसष्टी उलटल्यावर मला हे कळलं, तेही म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरममध्ये लेकीकडे राहायला आल्यावर.

झालं असं, की सकाळी फिरता फिरता शेजारच्या वोंटीकोप्पलमध्ये कन्नड कवी कुवेंपूंचं 'उदयरवी' हे घर बाहेरून पाहून आले. कॉफी पिताना जावई म्हणाले, "त्यांना १९५८ साली पद्मभूषण, १९८८ साली पद्मविभूषण." मी सहज विचारलं, ही नावं सुचवतं कोण? माझी आपली समजूत, दिल्लीत मोठी माणसं बसतात, मोठ्या माणसांची नावं काढतात आणि २५ जानेवारीला आपण ती बातम्यांत ऐकायची. नातीनं मोबाइलवर सरकारी नियमच उघडून पुढ्यात धरले. कुणीही नागरिक नाव पाठवू शकतो. स्वतःचंसुद्धा! (यावर जावई उगाच खाकरले.)

मग काय, पुरस्कारांच्या याद्या वाचण्यात दुपारची झोप गेली. २०२०ची एकच यादी घ्या. मंगळुरूत संत्री विकणारे हरेकळा हाजब्बा. एका परदेशी गिऱ्हाइकानं इंग्रजीत भाव विचारला, यांना सांगता येईना. ती बोच इतकी लागली, की संत्र्यांच्या कमाईतून पैसे साठवून गावात शाळा उभी केली. पद्मश्रीची बातमी कळली तेव्हा हे रेशनच्या रांगेत उभे! अंकोल्याकडच्या तुलसी गौडा, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण कुठल्या झाडाचं बी कधी गोळा करायचं हे बोटांवर सांगणाऱ्या. दोघंही राष्ट्रपती भवनात अनवाणी गेली. आणि त्याच यादीत आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं जपणाऱ्या! मराठी पेपरात राहीबाई वाचल्या होत्या, पण इकडची ही दोघं मला ठाऊकच नव्हती. आणि आमच्या याच म्हैसूर जिल्ह्यातल्या जेनू कुरुबा समाजाचे सोमण्णा. आदिवासींसाठी चार दशकं झटले, २०२४ला पद्मश्री.

पैसे एक नाही, बरं का. सनद आणि पदक. नावापुढे 'पद्मश्री' लावायलाही बंदी! १९५४पासून चाललंय हे, आणि मी आत्ता हरखतेय.

तर अर्जात त्या माणसाचं काम जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं असतं. मी लगेच वही ओढली. आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्स आहेत, सगळे अक्का म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा घरी जाऊन धुतात, पट्ट्या बांधतात, छदाम घेत नाहीत. तासाभरात ८०० शब्द झाले. नातीनं वाचले आणि म्हणाली, "आजी, थोर, निःस्वार्थी, देवतुल्य हे सगळं खोड."

खोडलं. सव्वाशे शब्द उरले.

किती वर्षं झाली? किती घरं? पहिली पट्टी कुणाची? रोज त्यांच्याशी दारात गप्पा मारते, आणि यातलं एकही मला सांगता येईना. संध्याकाळी वही घेऊन गेले. अक्का पिशवीत कापूस भरत होत्या. म्हणाल्या, "बसू नका, चला माझ्याबरोबर. तिसऱ्या मजल्यावर जायचंय, पिशवी धरा."