तिला कोणी विचारलं?

'चौदहवीं का चाँद' (१९६०) हा अम्मीचा आवडता सिनेमा. आपली बीवी जमीला हीच दोस्ताची महबूबा, हे कळताच अस्लम दोस्तीखातर तिला सोडायला निघतो. अम्मीचे डोळे भरून येतात. मला मात्र वाटतं, जमीलाला कोणी विचारलं?

'निकाह' (१९८२) मध्ये हैदरही असाच निलोफरला पहिल्या नवऱ्याकडे सोपवायला निघतो. पण इथे ती बोलते, साफ नकार देते.

निकाहाच्या वेळी मुलीची रजामंदी घेतात. मग विचारणं त्या एका दिवसापुरतंच का? प्रेमकथांत रमणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, नवरा कुर्बानी देणारा आहे का, ते नंतर पाहा. तुम्हाला विचारणारा आहे का, ते आधी पाहा.